विहिरीवरून परत आलेली बाई

कांदा काटायला बसलेली बाई रडत नाही.

हे लिहून ठेवते, कारण या आठवड्यात तिसऱ्या कादंबरीत ती रडली. विळ्याखाली कांदे येत होते आणि तिच्या आसवांना निमित्त मिळत होतं, असलं काहीतरी. मी पुस्तक मिटलं आणि खाटेखाली सरकवलं. रडतो तो घरात पोह्यांसाठी कांदा चिरणारा माणूस. रानात उपटलेला कांदा तीनचार दिवस उन्हात पडून असतो, त्याची पात वाळून कागदासारखी होते, आणि बाई काटते ती पात. कांद्याला विळा लागला तर तो कांदा वाया. डोळ्यांत जाते ती धूळ. घसा खवखवतो, हात काळे चिकट होतात, आठ दिवस भाकरीला वास येतो. पुण्यात बसून लिहिणाऱ्याला हे माहीत नसेल तर त्यानं विचारावं. खुटबावला यायला गाडी आहे.

चैत्र लागला की दोन गोष्टी एकदम येतात. रानात कांदा निघतो आणि माझ्या ओट्यावर पुस्तकांचं खोकं येतं. एक संस्था दरवर्षी नव्या कादंबऱ्यांना बक्षीस देते आणि परीक्षकांत माझं नाव घालते. मी चौथी शिकलेली, पाच कादंबऱ्या लिहिलेली म्हातारी आहे, यादीत शोभून दिसते. बाकीचे दोन परीक्षक प्राध्यापक असतात. ते वाचत नाहीत, मला फोन करून विचारतात, "आक्का, यंदा काय वाटतं?" मी सांगते, आणि निकालपत्रात माझंच बोलणं त्यांच्या भाषेत छापून येतं. मला ते वाचताना अर्थ लागत नाही.

नव्या कादंबऱ्यांची मला किळस येते. हे मी तोंडावर बोलते, म्हणून समारंभांची बोलावणी कमी झाली. बरं झालं. नारळ घरात ठेवायला जागा नव्हती आणि शाली कुत्रीच्या पिल्लांखाली घालून संपत आल्या होत्या.

मुखपृष्ठावर पाठमोरी बाई, डोक्यावर हंडा. आमच्या वस्तीवर नळ येऊन वर्षं झाली. आत उघडावं तर बाई चार पानं आभाळाकडं बघते. मग तिच्या आत काहीतरी तुटतं. काय तुटतं ते लेखक सांगत नाही, त्यालाही ठाऊक नसतं. तिसऱ्या प्रकरणात लाइट जाते, ती अंधाराचं वर्णन करायला. आमच्याकडं लाइट जाते तेव्हा मोटर बंद पडते, कुणाच्या तरी शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही आणि त्यावरून दोन सख्खे भाऊ लग्नातसुद्धा एकमेकांशी बोलत नाहीत. ते कुणी लिहीत नाही. या पुस्तकांतली माणसं एकही काम शेवटापर्यंत करत नाहीत. दळण टाकतात आणि खिडकीत उभी राहतात. पिठाचं पुढं काय झालं?

आणि बाई मरते. गरीब असेल तर विहिरीत मरते.

याच गोष्टीवरून चार वर्षांमागं कांद्याच्या हंगामात जे झालं ते या वासानं दरवर्षी वर येतं. तेव्हा आलेली किळस दुसऱ्या कुणाच्या पुस्तकाची नव्हती.

त्या वर्षी माझे गुडघे गेले. उकिडवं बसणं बंद झालं. आयुष्यात पहिल्यांदा काटणीला मी नुसती बघत बसणार होते. मुलानं लिंबाखाली प्लॅस्टिकची खुर्ची टाकून दिली. खुर्चीत बसून बायांचं काम बघणं म्हणजे मुकादमकी, आणि ती मला जमत नाही. मग मी खोक्यातलं एक पुस्तक घेऊन गेले. रंजना, जी बायांची टोळी घेऊन येते, ती म्हणाली, "आक्का, मनात काय वाचताय? आमच्याबी कानावर पडू द्या की. मोबाइलची बॅटरी उतरलीय, गाणी बंद हायती."

म्हणून मी मोठ्यानं वाचू लागले. दहाबारा बाया ढिगाभोवती बसलेल्या, विळ्यांची कचकच, आणि मी खुर्चीत. परीक्षकाचं काम इतकं चांगलं मी कधी केलं नाही. बायका चांगल्या वाक्याला गप्प राहायच्या आणि खोट्या वाक्याला हात न थांबवता बोलायच्या.

"तिच्या मनाच्या अंगणात एक ओसाड दुपार पसरली होती," मी वाचलं.

"म्हंजी अंगण झाडलं न्हाई तिनं," रंजना म्हणाली.

दुसरी म्हणाली, "आगं, सासू न्हाई का हिला? मला सासूनं असं आभाळाकडं बघू दिलं आसतं व्हय?"

तिसऱ्या पुस्तकापर्यंत त्यांना सगळं कळून चुकलं. पुस्तक हातात घेतलं की रंजना आधी जाडी बघायची. "ही शंभराच्या आत जाणार विहिरीवर." दुसरी म्हणायची, "न्हाई, हिला पोरगं हाय, ही दीडशेपतूर टिकंल." चहाची पैज लागायची. पाच पुस्तकांत चार बाया विहिरीत गेल्या. पाचवीनं पेटवून घेतलं, तेव्हा चहा कुणी पाजायचा यावरून वाद झाला.

या सगळ्यात एक बाई बोलत नव्हती. कौसा. माझ्याच वयाची. विहाराच्या मागं तिचं घर आहे. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन खुटबावात आलो, मी शेतवाल्यांच्या घरात, ती बौद्धवाड्यात. पन्नास वर्षं ती आमच्या रानात येते. तिचे गुडघे शाबूत आहेत. पाचवी बाई मेली तेव्हा ती विळा बोटानं पुसत म्हणाली, "हिलाबी मारली का? वैनी, तुमच्या लोकांना दुसरं काय सुचत न्हाई का वो?"

बाया हसल्या. मला हसू आलं नाही. कौसाला विहिरीत पहिल्यांदा घातली ती मी.

ते सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत मी कामात फार मंद होते. माझा वाफा कायम मागं राहायचा. पण मला गोष्टी सांगता यायच्या. ऐकलेल्या, अर्ध्या वाचलेल्या, बऱ्याचशा मनाच्या. बाया म्हणायच्या, तू सांग, हात हलवू नको. मी सांगत राहायचे आणि कौसा तिचा वाफा उरकून माझ्या वाफ्याला दुसऱ्या टोकानं भिडायची. असे किती वाफे तिनं काटले कोण जाणे. मी लेखिका झाले ती अशी. पुढं सोसायटीच्या निवडणुकीत उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीनं लिहू लागले तेव्हा लोक म्हणाले, बाई चौथी शिकून लिहिते. हात कुणाचे वापरले हे कुणी विचारलं नाही.

आमचं लग्न होऊन चारपाच वर्षं झाली असतील. अशाच काटणीत एका दुपारी दौंडहून तिचा चुलतदीर आला. तिचा नवरा दौंडला रेल्वेत कामाला होता, महिन्याला घरी यायचा. दिरानं सगळ्यांदेखत सांगितलं की त्यानं तिथं दुसरी बाई ठेवलीय आणि आता तो यायचा नाही. कौसा चार महिन्यांची पोटुशी होती, पहिलीच खेप. मी तेव्हा गोष्ट सांगत होते, ती थांबली. कौसानं विळा खाली ठेवला, उठली आणि बांधापलीकडच्या विहिरीकडं चालू लागली. आम्ही सगळ्या बघत राहिलो. कुणी उठलं नाही. मीही नाही. तिला हाक मारावी असं मला वाटलं आणि मी मारली नाही, याला आजही कारण देता येत नाही.

अर्ध्या तासानं ती परत आली. तोंड धुतलेलं. विहिरीवर ठेवलेले आमचे दोन हंडे भरून आणलेले, एक डोक्यावर, दुसरा कमरेवर. सगळ्यांना ओंजळीनं पाणी पाजलं, बसली आणि संध्याकाळपर्यंत तिचा वाफा काटून माझाही काटला. बास. एवढंच झालं.

दहा वर्षांनी मी पहिली कादंबरी लिहिली तेव्हा हीच दुपार तिच्या शेवटी होती. पुण्याचे एक संपादक बाड घेऊन वाचून म्हणाले, "बाई, भाषा अस्सल आहे, पण ती पाणी घेऊन परत येते हे वाचकाला फसवल्यासारखं वाटतं." मी घरी आले आणि तिला परत येऊ दिलं नाही. दोन दिवसांत शेवट लिहून झाला. इतकं सोपं होतं ते. जिवंत बाईचा अर्धा तास मला दहा वर्षांत लिहिता आला नव्हता, मरण दोन दिवसांत जमलं. पुस्तकाला बक्षीस मिळालं. शाळेतल्या पुस्तकात उतारा गेला. भाषण करणारे शेवटाशी आले की आवाज खाली आणायचे.

तेव्हा कौसा घरी आली होती. दारातच उभी राहिली. "वैनी, शाळंतल्या गुरुजींनी माझ्या पोरीला सांगितलं, तुझी आई पुस्तकात मेली म्हणून. पोरगी रडतिया. मला का मारली वो?"

मी म्हणाले, "गोष्टीला लागतं तसं."

"आसं व्हय," ती म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी खुरपणीला आली. त्यावर ती पुन्हा बोलली नाही आणि मीही विषय काढला नाही. पुढच्या चार कादंबऱ्यांत मी आणखी तिघींना मारलं. सवय लागते.

आता पूनमचं. पूनम ही कौसाच्या त्याच पोरीची पोरगी. तळेगाव ढमढेऱ्याला राहते, कंपनीत पॅकिंगच्या लाइनवर उभी असते, बारावी झालेली, शिफ्ट सांभाळून लिहिते. चार वर्षांमागच्या त्या हंगामाच्या आधी, दिवाळीत, ती माझ्याकडं एक वही घेऊन आली. "आक्का, आजीवर लिहिलंय. बघता का?" मी वाचली. पोरीला लिहिता येत होतं. सासूच्या शिव्या, शेळीचं नाव, विहारातली भांडणं, सगळं होतं तसं. विहिरीची दुपारही होती आणि बाई पाणी घेऊन परत येत होती. आणि मी, हीच मी, खाटेवर बसून तिला म्हणाले, "बाई नुसती जगत राहते, याला शेवट म्हणत नाहीत. काहीतरी घडव." चहा पिता पिता म्हणाले. ती पोरगी मान हलवत होती आणि लिहून घेत होती.

हंगामात तिचं टाइप केलेलं बाड आलं. सोबत चिठ्ठी. पुण्याचा एक प्रकाशक पुस्तक काढायला तयार आहे, फक्त तुमची प्रस्तावना पाहिजे, कांदा संपायच्या आत द्या. प्रस्तावना हा आमच्या धंद्यातला एक घाणेरडा रिवाज आहे. नव्या माणसाच्या पुस्तकाला जुन्या माणसानं दोन पानं चिकटवायची. मी अशा बऱ्याच दिल्यात आणि त्यांतली निम्मी पुस्तकं न वाचता दिलीत. 'मातीचा गंध' असं लिहिलं की भागतं.

हे बाड मात्र मी रानात नेलं. बायांना सांगितलं, कौसाच्या नातीनं कौसावर लिहिलंय. कौसानं पदर सारखा केला, जणू फोटो काढणार होते. दोन दिवस वाचलं. बाया गप्प होत्या. मध्येच रंजना म्हणायची, "मावशे, खरंच तू सासूला आसं म्हणाली हुतीस?" आणि कौसा म्हणायची, "याच्यापरीस वंगाळ. पोरीनं कमी करून लिव्हलंय." पैज कुणी लावली नाही, कारण बाई समोर बसली होती.

तिसऱ्या दिवशी शेवटच्या प्रकरणाशी आले. पहिलं वाक्य वाचलं आणि नजर पुढं गेली. बाई विहिरीवर गेली होती. दोन हंडे काठावर राहिले होते. वाक्यं पूनमची होती, पण तो काठ, ते रिकामे हंडे, वर घिरट्या घालणारी घार, सगळं माझ्या पुस्तकातून उचललेलं. तिनं शाळेत तो उतारा पाठ केला असणार. मी बाड मिटलं. बाकीच्या पुस्तकांची किळस येते तशी ही नव्हती. दुसऱ्याच्या ताटात आपलं उष्टं दिसावं तसं झालं.

"काय झालं, वैनी?" कौसानं विचारलं.

"पुढची पानं घरी राहिली."

"मग उद्या आणा. विहिरीपतूर आलीय न्हवं, आता समजू द्या पोरीनं काय केलंय ते."

तिला ते ऐकायचंच होतं. दुसऱ्या दिवशी मी डोकं दुखतंय म्हणून रानात गेले नाही, जीपनं तळेगावला गेले. बाजाराचा दिवस होता, जीपवाल्यानं मला मेथीच्या गठुड्यांवर बसवलं. पूनमची दुसरी पाळी होती, घरी सापडली. युनिफॉर्म इस्त्री करत होती.

मी म्हणाले, "शेवट बदल."

तिनं इस्त्री उभी केली. "तुम्हीच म्हणाला होता, आक्का. तारीख टाकून लिहून ठेवलंय मी."

"म्हणाले होते. चुकले."

"आता चुकले म्हणून कसं चालंल? प्रकाशकांना शेवटच आवडलाय. ते म्हणाले, शेवट असा नसता तर पुस्तक घेतलंच नसतं." मग जरा थांबून म्हणाली, "सहा वर्षं लाइनवर उभी आहे मी. सुपरवायझर हिंदीत म्हणतो, मॅडम, शायरी बाद में, पहले डब्बा गिनो. एक पुस्तक आलं की कुठंतरी नाव लागंल, लायब्ररीत नाहीतर शाळेत काम मागता येईल. तुम्ही मारली तेव्हा तुम्हाला शाल मिळाली. मी मारली की चूक?"

पोरगी खरं बोलत होती. तिच्या जागी मी असते तर तेच केलं असतं. मी केलंच होतं.

"बरं," मी म्हणाले, "तुझं पुस्तक, तुझी मर्जी. रविवारी रानात ये. हे प्रकरण आजीसमोर तू स्वतः वाच. मग पाहिजे तशी प्रस्तावना देते."

"एवढंच?"

"एवढंच."

मला वाटलं होतं ती आजीसमोर अडखळेल, मधेच बाड मिटेल. मीसुद्धा कादंबऱ्याच वाचून बिघडलेली. पूनम रविवारी आली, खुर्चीत बसली आणि एका दमात सगळं प्रकरण वाचून काढलं. आवाज कापला नाही. बाई गेली, घार फिरली, हंडे काठावर राहिले. बायांचे विळे थांबले होते. रंजना हळूच म्हणाली, "मेली व्हय गं."

कौसाचा विळा चालू होता. हातातला कांदा काटून तिनं ढिगावर टाकला.

"झालं वाचून?"

"झालं, आजी."

"म्हंजी पोटुशी आसतानाच मेली ती?"

"हो."

"मग तुझी आई कुणाच्या पोटातनं आली?"

कुणीतरी फिसकन हसलं. पूनम म्हणाली, "आजी, ती गोष्ट आहे. ती बाई म्हणजे तू नाहीस. नाव वेगळं आहे बघ."

"नावानं काय हुतंय? शेळी माझी, सासूच्या शिव्या माझ्या, इहीर तर ती बघ तिथं हाय. समदं माझं घेतलंस आन् मरण तेवढं तुझ्या मनाचं? मी तवा मेले आसते तर तुझी आई न्हाई. तू न्हाई. मग ही वही कुणी लिव्हली?"

आता सगळ्याच हसल्या. कौसासुद्धा. पूनमचा चेहरा उतरला. तिनं बाडाकडं बघितलं, विहिरीकडं बघितलं. मग तिनं जे विचारलं ते ऐकून मला माझी पाचही पुस्तकं खोक्यात भरून भंगारवाल्याला द्यावीशी वाटली. पन्नास वर्षं मी त्या बाईच्या शेजारी बसले, तिची दुपार विकली, आणि हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

"आजी, मग तू तिथं काय केलंस?"

"पाणी शेंदलं."

"त्याच्या आधी?"

"बसले हुते जरा. काठावरच्या दगडावर."

"जीव द्यायचं मनात होतं?"

"व्हतं की. खोटं कशाला बोलू?" कौसानं दुसरा कांदा घेतला. "पण बसल्यावर आठवलं, वैनीचे दोन वाफे ऱ्हायल्यात. त्या बाईच्यानं काय ते उरकणार न्हाईत. आन् ती गोष्ट सांगत हुती ती आर्धीच ऱ्हायली हुती. म्हणलं, पुढं काय झालं तेवढं ऐकावं. मग उठले."

ती माझ्याकडं वळली. "काय झालं हुतं वो पुढं? तुमी ती सांगितलीच न्हाई. मी आले तवा समद्या माझ्याच तोंडाकडं बघाय लागल्या."

मला ती गोष्ट आठवत नाही. कशाची होती, कुणाची होती, काही नाही. एखादी रचून सांगता आली असती, तेवढं मला येतं. मी म्हणाले, "आठवत नाही, कौसे."

"ऱ्हाऊ द्या मग," ती म्हणाली. बायांनी विळे उचलले.

पूनमनं तो शेवट काढून टाकला. दोन महिने लागले तिला तो अर्धा तास लिहायला. अजून नीट जमलाय असं मी म्हणणार नाही, पण त्यात एक बाई दगडावर बसते आणि मग उठते. प्रकाशकानं बाड परत पाठवलं. शेवट फिका पडतो म्हणाला. माझी प्रस्तावना चांगली आहे, असंही त्यानं कळवलं. त्या प्रस्तावनेत 'मातीचा गंध' नव्हता. या पुस्तकातली बाई जिवंत आहे, तिला पहिल्यांदा मी मारलं आणि तिला मारायचा सल्लाही मीच दिला, असं सरळ लिहिलं होतं. त्यातलं काय त्याला चांगलं वाटलं कुणास ठाऊक. तीन वर्षं बाड पूनमच्या पेटीत होतं. ती अजून त्याच लाइनवर उभी आहे, फक्त सुपरवायझर बदललाय. हे मी चांगलं केलं का, हा प्रश्न मला पडतो. पोरीची नोकरी एका म्हाताऱ्या बाईच्या लाजेपायी तिथंच राहिली असं कुणी म्हणालं तर मी भांडायला जाणार नाही.

यंदा संक्रांतीनंतर दौंडच्या एका छापखानेवाल्यानं ते पुस्तक काढलं. कागद पातळ आहे, पलीकडची अक्षरं अलीकडं दिसतात. मुखपृष्ठावर चित्र नाही, ते परवडलं नाही. ते माझ्या खोक्यात आलेलं नाही आणि आलं तरी मला त्याला गुण देता येणार नाहीत. खोक्यात आलीत ती दुसरीच, पाठमोऱ्या बायांची. माझ्या पहिल्या कादंबरीची नवी आवृत्ती निघतेय. प्रकाशकानं विचारलं, काही बदल करायचा का. नाही म्हणाले. तिथली बाई मेलेलीच राहू दे. मी काय केलं ते छापील राहिलं पाहिजे.

कालपासून आमच्या रानात काटणी सुरू झाली. आज रविवार. पूनम आली होती, तिचं पुस्तक घेऊन. कौसानं ते हातात घेतलं, तळहातावर उचलून बघितलं.

"किती पानांवर हाय मी?"

"सगळ्या," पूनम म्हणाली.

"शेवटच्याबी?"

"शेवटच्याबी."

"मग वाच."

खुर्ची एकच होती, ती पूनमला दिली. मी कांद्याचं एक कॅरेट पालथं घातलं, त्यावर बसले आणि कौसाजवळचा दुसरा विळा उचलला. चार वर्षांत हात लावला नव्हता. कॅरेटवर बसलं की गुडघे बोंबलत नाहीत, हे आधी का सुचलं नाही कोण जाणे. तिच्या वाटणीचा ढीग मी माझ्याकडं ओढून घेतला. पूनम वाचू लागली. सासूच्या शिव्यांपर्यंत माझे आठदहा कांदे झाले असतील. कौसानं त्यांतला एक उचलला, फिरवून बघितला आणि माझ्यापुढं धरला.

"देठ ठेवा जरा, वैनी. पार बुडाला काटला की सडतो."